शिडाच्या होडीवर कोणती पुस्तकं ठेवावीत? फळी फक्त दोन फुटांची

बाळीवेस
नमस्कार मंडळी. आम्ही सोलापूरचे चौघे भागीदारीत २६ फुटी शिडाची होडी चालवणार आहोत. ऑक्टोबर ते मे ती रत्नागिरीच्या बाजूला असेल. उत्तरेला जयगड-दाभोळ, दक्षिणेला विजयदुर्ग-देवगड, क्वचित रात्रीचा प्रवास. एक छोटं डिझेल इंजिन, व्हीएचएफ रेडिओ, प्लॉटर (पडद्यावर चार्ट आणि होडीची जागा दाखवणारं यंत्र), दोन फोन. पुस्तकांची फळी ६० सेंमी लांब, २४ खोल, ३० उंच.

शीड शिकवणारी पुस्तकं घरी वाचू. होडीवर फक्त अडल्या वेळी उघडायची पुस्तकं हवी आहेत. कागदावर काय, फोनमध्ये काय, आणि ओल-खाऱ्यापासून ती टिकवायची कशी? पावसाळ्यानंतर उजनीत लहान होडी उतरवायचाही विचार आहे. तिच्यासाठी काही वेगळं लागतं का, तेही सांगा.

---

वाव_मैल
फळी लहान आहे हे चांगलं झालं, निवड नीट होते. माझी कसोटी एकच. ज्याचं उत्तर दोन मिनिटांत हवं आणि हात ओले असतील, ते कागदावर. ज्याचं उत्तर नांगर टाकून, चहा घेत शोधता येतं, ते फोनमध्ये. ज्याचं उत्तर किनाऱ्यावरही चालेल, ते सोलापुरात.

या कसोटीला उतरणारी कागदी पुस्तकं फार नाहीत.

पहिलं, समुद्रात टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम, म्हणजे १९७२ चे कोलरेग. पातळ पुस्तिका मिळते. दिवे आणि दिवसाच्या खुणांची रंगीत चित्रं असलेली आवृत्तीच घ्या. रात्री समोर हिरव्याखाली पांढरा दिसला तर ट्रॉलिंग चालू आहे, तांबड्याखाली पांढरा दिसला तर दुसऱ्या प्रकारची मासेमारी. हे पाठ असतं, तरी रात्री दोन वाजता डोकं चालत नाही तेव्हा चित्र लागतं. नियम १८ प्रमाणे मासेमारी करणाऱ्या नौकेला शिडाच्या होडीने वाट द्यायची. 'शीड आहे म्हणजे सगळे आपल्याला वाट देतील' हा समज कोकणात महागात पडतो. नियम ९ (अरुंद जलमार्ग) आणि २५ (शिडाच्या होडीचे दिवे) यांवर खुणेची पट्टी चिकटवा. शीड वर असलं तरी इंजिन चालू केलं की होडी यांत्रिक नौका ठरते आणि दिवसा टोक खाली केलेला काळा शंकू दाखवावा लागतो. बहुतेकांकडे तो शंकूच नसतो.

दुसरं, चालू वर्षाचं भरती-ओहोटीचं कोष्टक. भारतीय सर्वेक्षण विभाग ते दरवर्षी काढतो, वेळा भारतीय प्रमाणवेळेत असतात. ॲपमधल्या वेळा कधी जागतिक वेळेत असतात, उंची कधी वेगळ्या पातळीपासून मोजलेली असते. पहिल्या दिवशी दोन्ही शेजारी ठेवून ताडून पाहा आणि ॲपची सेटिंग कोष्टकाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

तिसरं, चार्टवरच्या खुणांचं पुस्तक. प्लॉटरवर झूम कमी केला की बुडालेल्या खडकाची खूण नाहीशी होते, कागदी चार्टवर ती राहते. पण क्रॉस, ठिपके घातलेला क्रॉस आणि ठिपक्यांचं वर्तुळ यांतला फरक माहीत नसेल तर चार्ट असून उपयोग नाही. पहिला खडक चार्ट-पातळीला (चार्टवरची खोली जिथून मोजतात त्या खालच्या ओहोटीच्या पातळीला) पाण्याखाली असतो, दुसरा त्याच पातळीला पाण्याबरोबर टेकलेला असतो. अमेरिकेचं 'चार्ट क्रमांक १' फुकट उतरवता येतं. त्यातली खडक, तळ आणि बोयांची (वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणांची) पानंच छापा.

चौथं, तुमच्या इंजिनाची पुस्तकं. त्यावर डिझेलच्या लोकांनी लिहावं.

---

डिझेल_आणि_दोरा
लिहितो. इंजिनाची तीन वेगळी पुस्तकं असतात आणि लोक पहिल्यावरच थांबतात. चालकाचं मॅन्युअल होडीबरोबर मिळतं, त्यात तेल कुठे घालायचं एवढंच असतं. खरं काम वर्कशॉप मॅन्युअलचं: बोल्ट किती आवळायचा, व्हॉल्व्हची फट किती, कोणता स्क्रू कुठे. तिसरं पार्ट्स कॅटलॉग. फुटलेला इम्पेलर (पाण्याच्या पंपातलं रबरी चाक) हातात घेऊन रत्नागिरीतल्या दुकानात उभं राहिलं तर 'असाच द्या' म्हणून काम होत नाही, भागाचा क्रमांक लागतो. तो कॅटलॉगच्या सुट्या-सुट्या केलेल्या आकृतीत सापडतो. वर्कशॉप मॅन्युअल पूर्ण छापू नका, दोनशेच्या वर पानं असतात. इंधन, थंड पाणी, वीज ही तीन प्रकरणं आणि आवळण्याचं कोष्टक छापा.

इंधनात हवा शिरली तर काढायची कृती स्वतःच्या हाताने एका पानावर लिहा, कारण मॅन्युअलमध्ये ती चार ठिकाणी विखुरलेली असते. क्रम असा. टाकीचा कॉक उघडा आहे का बघा. पाणी वेगळं करणाऱ्या गाळणीतून पाणी काढा. इंजिनावरच्या गाळणीचा हवेचा स्क्रू सैल करा आणि फीड पंपाची छोटी दांडी हाताने हलवत राहा. बुडबुडे थांबून नुसतं डिझेल आलं की, दांडी हलवत असतानाच स्क्रू आवळा. मग इंजेक्शन पंपाच्या स्क्रूवर तेच. तरी सुरू झालं नाही तर इंजेक्टरवरची नळीची नटं अर्धा फेरा सैल करा, डिकंप्रेशनची दांडी उचलून इंजिन फिरवा, डिझेल उडायला लागलं की नटं आवळा. इंजेक्टरजवळ बोट धरू नका, त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत जातं.

त्या पानावर तांबड्या शाईने आणखी एक ओळ हवी: इंजिन सुरू न होता स्टार्टर वारंवार फिरवायचा असेल तर आधी समुद्राच्या पाण्याचा कॉक बंद, सुरू होताच लगेच उघडा. ओल्या एग्झॉस्टमध्ये पंप पाणी ढकलत राहतो, ते बाहेर फेकायला धूर नसतो. सायलेन्सर भरला की पाणी उलटं सिलिंडरमध्ये जातं. हवेमुळे थांबलेलं इंजिन तासात सुरू होतं, पाणी गेलेलं उघडावंच लागतं.

---

मतलई
वाव_मैल यांना एक पुरवणी, आणि ती महत्त्वाची आहे. इंटरनेटवर फुकट मिळणारी चांगली पुस्तकं बहुतेक अमेरिकन आहेत. १८०२ पासून निघत असलेलं नौकानयनाचं संदर्भपुस्तक बाउडिच, संकेतांची आंतरराष्ट्रीय संहिता, ही सगळी तिथल्या सरकारने खुली ठेवलेली आहेत. फोनमध्ये जरूर ठेवा. पण बोयांचे रंग त्यांच्याकडे उलटे आहेत! भारत आयाला या बोयांच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीच्या 'अ' विभागात येतो. समुद्रातून बंदरात शिरताना तांबडा बोया डाव्या हाताला, हिरवा उजव्या हाताला. अमेरिका 'ब' विभागात, तिथे तांबडा उजवीकडे. तिकडचं पाठांतराचं वाक्य इकडे वापरलं तर होडी खाडीच्या बाहेरच्या वाळूच्या दांड्यावरच चढेल. छापलेल्या पानावर जाड पेनाने 'भारत: तांबडा डावा' असं लिहा.

तसंच परदेशी पुस्तकं सॅटेलाइट फोन आणि संदेशयंत्र न्यायला सांगतात. आपल्याकडे परवानगीशिवाय ती बाळगता येत नाहीत. व्हीएचएफलाही परवाना लागतो, त्याची प्रत होडीच्या कागदांच्या फाइलमध्ये ठेवा.

---

हिप्परगा
ब्रिटिश ऍडमिरल्टीचं पश्चिम किनाऱ्याचं पायलट (किनाऱ्याचं वर्णन देणारं पुस्तक), एनपी ३८, कोणीच सुचवलं नाही? आणि दिव्यांची यादी?

---

वाव_मैल
@हिप्परगा, एनपी ३८ चांगलं आहे, पण ते मोठ्या जहाजांसाठी लिहिलेलं आहे. किनारा समुद्रातून कसा दिसतो, कुठला डोंगर कुठून ओळखावा, वारे आणि प्रवाह कोणत्या महिन्यात कसे, यासाठी त्याला तोड नाही. पण दीड मीटर पाण्यात तरंगणाऱ्या होडीने खाडीत कुठून शिरावं, हे त्यात शोधू नका. जाण्याआधी घरी वाचून आपल्या टप्प्याची दहा-बारा ओळींची टिपणं काढायची आणि पुस्तक घरीच ठेवायचं.

दिव्यांची यादी मात्र रात्रीसाठी हवी. पूर्ण पुस्तक नको, आपल्या किनाऱ्याची पानं. ती वाचताना गल्लत होते ती दिव्याच्या पल्ल्यात. यादीतला पल्ला हवा स्वच्छ असताना, दहा मैल दिसत असताना धरलेला असतो. पृथ्वीच्या गोलाईने ठरणारं अंतर वेगळं काढावं लागतं: २.०८ गुणिले, दिव्याच्या उंचीचं वर्गमूळ अधिक डोळ्याच्या उंचीचं वर्गमूळ. उंची मीटरमध्ये, उत्तर सागरी मैलांत. दिवा ३६ मीटर, डोळे पाण्यापासून २ मीटर: २.०८ × (६ + १.४१) = साधारण १५.४ मैल. म्हणजे यादीत पल्ला २० मैल लिहिला असला तरी तुमच्या होडीतून तो साधारण १५ मैलांवर आल्यावरच क्षितिजावर येईल. फेब्रुवारी-मार्चच्या धुरकट हवेत त्याहून बराच उशिरा. 'दिवा अजून दिसत नाही म्हणजे आपण भरकटलो' असं वाटून लोक दिशा बदलतात. म्हणून हे सूत्र यादीच्या वरच्या कोपऱ्यात लिहा.

चार्ट आणि यादी दोन्ही ताज्या करायला हव्यात. डेहराडूनचं राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय दर पंधरवड्याला नाविकांसाठी सूचना काढतं, संकेतस्थळावर त्या मिळतात. आपल्या चार्टचा क्रमांक त्यात शोधायचा, बदल चार्टवर करायचा, आणि सूचनेचा क्रमांक व वर्ष चार्टच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात नोंदायचं. त्या कोपऱ्यात दोन-तीन वर्षांत काहीच लिहिलेलं नसेल तर तो चार्ट जुना समजा. कुणी जुना चार्ट दिला तर खोली वावांत आहे की मीटरमध्ये ते आधी बघा. वाव म्हणजे १.८३ मीटर.

---

कंबर_तलाव
नवं पुस्तक विकत घ्यायची गरज नाही असं एक सुचवतो: पंचांग. दाते पंचांग आपल्या सोलापूरचंच, घरी असतंच. किनाऱ्यावरचे तांडेल (मच्छीमार होड्यांचे प्रमुख) तिथीवरून भरतीची वेळ काढतात. पक्षातली तिथी घ्या, तिची पाऊणपट करा, तितक्या वाजता भरती. चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता, एकादशीला सव्वाआठला. पुढची भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी. हिशेब मुंबईच्या आसपास बसतो. दक्षिणेकडे जावं तशी भरती थोडी आधी लागते, शिवाय तासाभराची चूक गृहीत धरायची. पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवस उधाण, अष्टमीनंतर भांग, म्हणजे पाण्याचा चढउतार कमी. कोष्टक भिजलं, फोन गेला, तरी नांगर कुठे टाकावा हे ठरवायला एवढं पुरतं.

---

मतलई
कंबर_तलाव, हे फार छान. पण नवख्यांसाठी स्पष्ट सांगते: पंचांग सूर्य-ताऱ्यांनी स्थान काढण्याच्या आल्मनॅकच्या जागी वापरू नका. त्यातले ग्रह निरयन राशींत असतात, सेक्स्टंटच्या गणिताला लागणारे आकडे वेगळे. तुमच्या किनाऱ्यालगतच्या प्रवासाला आल्मनॅक आणि सेक्स्टंटची कोष्टकं दोन्ही लागणार नाहीत. फळीवर त्यांना जागा देऊ नका.

उंचीचा अंदाज कोष्टकावरूनच काढा, बाराव्या हिश्श्याच्या नियमाने. ओहोटी ०.६, भरती ४.२ असेल तर फरक ३.६ मीटर. सहा तासांत पाणी १, २, ३, ३, २, १ अशा बाराव्या भागांनी चढतं. तीन तासांनी सहा भाग, म्हणजे १.८ मीटर चढलं, उंची २.४. ही चार्टवरच्या खोलीत मिळवायची. हे गणित कोष्टकाच्या आतल्या पुठ्ठ्यावर एकदा सोडवून ठेवा, नंतर फक्त आकडे बदलायचे.

---

बाळीवेस
सगळ्यांचे आभार. खाडीच्या तोंडांसाठी मग कोणतं पुस्तक? आणि उजनीचं राहिलं.

---

वाव_मैल
खाडीच्या तोंडांसाठी छापील पुस्तकावर विसंबू नका. वाळूचा दांडा दर पावसाळ्यात सरकतो, दोन वर्षांपूर्वीची खोली आज खरी नसते. ते पुस्तक तुम्हीच लिहायचं. शिवलेली, कडक पुठ्ठ्याची वही घ्या. प्रत्येक खाडीला समोरासमोरची दोन पानं. डाव्या पानावर चित्र: कोणत्या दोन खुणा एका रेषेत धरून शिरायचं, होकायंत्रावर ती रेषा किती अंश. उजव्या पानावर तारीख, वेळ, त्या वेळची भरतीची उंची, मोजलेली खोली, आणि मोजलेल्या खोलीतून भरतीची उंची वजा करून चार्ट-पातळीची खोली. नुसती 'खोली ३ मीटर' अशी नोंद निरुपयोगी आहे, कारण ती भरतीची की ओहोटीची हे महिन्याने कळत नाही. नारळी पौर्णिमेनंतर मच्छीमार पुन्हा समुद्रात उतरतात, तेव्हा त्या त्या बंदरातल्या तांडेलाला विचारून वहीतली रेषा तपासा. डोल जाळ्यांचे खांबही त्याच पानावर दाखवा, ते चार्टवर नसतात. लिहायला पेन्सिल. बॉलपेन ओल्या कागदावर चालत नाही, जेलची शाई पसरते.

---

हिप्परगा
उजनीबद्दल मी सांगतो. उजनीचा जलपर्यटनाचा चार्ट नाही, पण तुमचा संदर्भ तयार आहे: सर्वेक्षण विभागाचे ५०,००० प्रमाणाचे नकाशे, आणि मिळाले तर धरण भरण्याच्या आधीचे. जुन्या नकाशावर पाण्याखाली गेलेली गावं, देवळं, रस्ते, विहिरी दिसतात. पळसदेवचं देऊळ पाणी उतरलं की वर येतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण ते पूर्ण वर येण्याआधी, शिखर पाण्याखाली हातभर असतं तेव्हा ते होडीला सगळ्यात धोक्याचं.

आपण सोलापूरकर उजनी टक्क्यांत मोजतो. होडीला टक्के चालत नाहीत, पातळी मीटरमध्ये लागते. १०० टक्क्यांना पातळी ४९६.८३ मीटर, शून्य टक्क्यांना ४९१.०३. शून्य म्हणजे धरण रिकामं नव्हे, खाली ६३ टीएमसीच्या वर मृतसाठा असतो. एखाद्या अडथळ्यावर ४.२ मीटर पाणी मोजलंत आणि त्या दिवशी पातळी ४९५.०० होती, तर अडथळ्याचा माथा ४९०.८०. पातळी ४९२.५० झाली की तिथे १.७ मीटरच पाणी उरेल. वहीत माथ्याची उंची लिहा, खोली नको. नकाशावरच्या समोच्च रेषा २० मीटरच्या अंतराने असतात, त्यावरून खोली काढता येत नाही. त्या फक्त जुनं नदीपात्र कुठे ते दाखवतात.

---

दोरा_डिंक
पुस्तकं टिकवण्याबद्दल लिहिते. घरी छापायचं तर लेझर प्रिंटरवर, इंकजेटची शाई पाण्याने वाहते. कागद १०० जीएसएम. लॅमिनेशन मॅट घ्या, चकचकीत घेतलं तर उन्हात पान वाचता येत नाही. भोकं पाडण्याची चूक सगळे करतात: लॅमिनेट करून मग पंच मारला की भोकाच्या कडेने पाणी आत शिरतं आणि पान आतून काळं पडतं. आधी कागदाला मोठं भोक पाडा, मग लॅमिनेट करा, मग त्याच जागी प्लॅस्टिकला लहान भोक. चारी बाजूंना ५ मिमी मोकळं प्लॅस्टिक राहू द्या. बांधणी प्लॅस्टिकच्या स्पायरलची. तारेचा स्पायरल गंजतो आणि होकायंत्राजवळ ठेवला तर सुई हलवतो. त्याच कारणाने चुंबकाचं बटण असलेली डायरी किंवा फोनचं कव्हर होकायंत्रापासून मीटरभर लांब ठेवा.

फळीला पुढे ६-७ सेंमी उंचीची पट्टी हवी, वर ताणलेली इलॅस्टिक दोरी. पुस्तकं घट्ट कोंबू नका, हवा खेळली नाही की मागच्या बाजूने बुरशी येते. रिकाम्या जागेत सोलापुरी टॉवेल घडी करून भरा, पुस्तकं सरकत नाहीत आणि हाताशी कोरडं कापडही राहतं.

समुद्राच्या पाण्यात पुस्तक भिजलं तर आधी गोड्या पाण्यात धुवा, हे ऐकायला विचित्र वाटेल. खारं तसंच वाळवलं तर मीठ हवेतली ओल ओढत राहतं आणि पुस्तक कधीच कोरडं होत नाही. मग टीपकागद घालून, उभं उघडून, सावलीत वाळवा. गुळगुळीत कागदाची चित्रं असतील तर ओली असतानाच पानांमध्ये बटर पेपर घाला. तशीच वाळली की पानं एकजीव होतात आणि सुटत नाहीत.

आणि जूनच्या आधी सगळी पुस्तकं सोलापुरात आणा. कोकणातल्या पावसात बंद होडीत चार महिने राहिलेलं पुस्तक बुरशी आणि कसर मिळून संपवतात. आपल्या कोरड्या हवेत ती आपोआप सुकतात. फक्त मेच्या उन्हात गच्चीवर टाकू नका, पुठ्ठ्याचा डिंक तडकतो.

---

मतलई
वैद्यकीय पुस्तक राहिलं. जागतिक आरोग्य संघटनेचं जहाजांसाठीचं मार्गदर्शक, तिसरी आवृत्ती २००७ ची. पूर्ण पुस्तक फोनमध्ये, पण रक्तस्राव, भाजणं, बुडणं, उष्माघात यांची पानं कागदावर. त्याला इथली एक पुरवणी जोडा. पाकटाचा काटा लागला तर जखम ४५ अंशांपर्यंतच्या गरम पाण्यात ३० ते ९० मिनिटं बुडवायची. पाणी मदतनीसाने आधी स्वतःच्या हाताने पाहायचं, कारण जखमी माणसाला वेदनेत चटका कळत नाही. काटा छाती, पोट किंवा मानेत रुतला असेल तर उपटू नका. समुद्री साप चावला तर लक्षात ठेवा, आपल्याकडे मिळणारी नेहमीची सर्पविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी आहे. अवयव हलू न देता मोठं हॉस्पिटल गाठणं हाच मार्ग, आणि निघताना रेडिओवर 'समुद्री साप' हे शब्द स्पष्ट सांगायचे.

---

बाळीवेस
रेडिओचं निघालंच आहे तर विचारतो, आणीबाणीचं कार्ड काय लिहून लावायचं? चौघांपैकी दोघांना रेडिओची सवय नाही.

---

वाव_मैल
रेडिओच्या शेजारी, पुस्तकात नव्हे, भिंतीवर. देवनागरीत लिहा, म्हणजे घाबरलेला माणूसही वाचू शकेल. होडीचं नाव आणि नऊ आकडी एमएमएसआय, म्हणजे रेडिओचा ओळख क्रमांक (भारताचा ४१९ ने सुरू होतो), आधीच भरून ठेवा.

रेडिओवरचं तांबडं झाकण उघडा, खालचं संकटाचं बटण पाच सेकंद दाबून धरा. चॅनल १६, जास्त शक्ती. मग बोला: मेडे, मेडे, मेडे. धिस इज, होडीचं नाव तीनदा. मेडे, होडीचं नाव एकदा, एमएमएसआय. माय पोझिशन इज, प्लॉटरवरचे अक्षांश-रेखांश एकेक आकडा सुटा. काय झालंय: सिंकिंग, फायर, मॅन ओव्हरबोर्ड. आय रिक्वायर इमिजिएट असिस्टन्स. होडीवर किती माणसं. ओव्हर. बोलायचं बटण सोडा आणि ऐका.

कार्डाच्या तळाशी तटरक्षक दलाचा १५५४ क्रमांक लिहा, किनाऱ्याजवळ फोनला रेंज असते. आणि 'बटण सोडा' हे शब्द सगळ्यात मोठ्या अक्षरांत. घाबरलेला माणूस बटण दाबूनच ठेवतो आणि त्याला उत्तर ऐकूच येत नाही.